रांधण्याचे भांडे : वस्तू, शब्द आणि पुरावा

१

प्राचीन वसाहतीच्या उत्खननात जी खापरे निघतात त्यांत संख्येने पुष्कळ आणि अभ्यासकाच्या लक्षात सर्वांत उशिरा येणारी अशी एक जात असते. ती म्हणजे चुलीवरच्या भांड्यांची. रंगीत नक्षीची खापरे धुऊन, जुळवून, चित्रित करून ग्रंथात छापली जातात. काजळी धरलेली, भरड, जाड पोताची खापरे बहुधा पिशवीतच राहतात. वस्तुतः ज्या भांड्याचा संबंध माणसाच्या रोजच्या अन्नाशी येतो ते हेच होय. ते रोज विस्तवावर चढते, लवकर तडकते आणि पुन्हा पुन्हा नवे आणावे लागते. म्हणून एखाद्या लोकसमूहाने काय खाल्ले, ते कसे शिजविले आणि मातीकामाचे कोणते ज्ञान त्याच्यापाशी होते, या प्रश्नांची उत्तरे शोधताना रांधण्याच्या भांड्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही.

हा साक्षीदार तीन प्रकारे बोलतो. पहिला प्रकार वस्तूचा : मातीचे पोत, आकार, काजळी, आत मुरलेला स्निग्धांश. दुसरा शब्दाचा : त्या भांड्याचे नाव, त्या नावाची व्युत्पत्ती, ग्रंथांतील उल्लेख. तिसरा चालू व्यवहाराचा : आजही कोठे तसे भांडे वापरात असेल तर त्याची रीत. तिन्ही पुरावे एकाच वेळी हाती लागणे दुर्मिळ आहे. मेसोपोटेमियात वस्तू आहे आणि लेखही आहेत. वैदिक वाङ्मयात शब्द विपुल आहेत, परंतु अमुक शब्द म्हणजे अमुक भांडे असे निश्चितपणे दाखविता येईल अशी वस्तू क्वचितच मिळते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला वस्तू भरपूर आहेत, पण एकही अक्षर नाही. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मुळशीच्या मावळपट्ट्यात, शब्द व रीत यांची आठवण शिल्लक असून वस्तू मात्र नाहीशी होत आहे. या चार उदाहरणांची तुलना करून, एका प्रकारच्या पुराव्यावरून दुसऱ्या प्रकाराविषयी किती अनुमान करता येते व कोठे थांबावे लागते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम वस्तूचा विचार. मातीचे भांडे विस्तवावर ठेवले की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग झपाट्याने तापतो व पसरू लागतो. आतील पृष्ठभाग मात्र पाण्यामुळे तुलनेने थंड राहतो. या विषम प्रसरणाचा ताण मातीवर पडतो आणि भांडे तडकते. हा ताण सहन व्हावा म्हणून जगभरच्या कुंभारांनी तीन उपाय योजलेले दिसतात. पहिला, मातीत भरड द्रव्य मिसळणे : वाळू, दगडाचा किंवा चुनखडीचा चुरा, जुन्या खापरांचा कूट, भुसा, लीद, राख. या कणांमुळे, अथवा भुसा जळून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांमुळे, निघालेली बारीक चीर तेथेच अडते व भांडेभर पसरत नाही. दुसरा उपाय गोल बुडाचा. बूड व बाजू यांच्यामध्ये कोन राहिला तर ताण त्या कोनात साचतो. गोल बुडाला असा कोन नसतो. शिवाय तीन दगडांवर किंवा चुलीच्या तीन खुंट्यांवर गोल बूडच नीट बसते आणि जाळ त्याच्या सर्व बाजूंनी फिरतो. तिसरा उपाय भांडे बेताचेच भाजण्याचा. फार उच्च तापमानात भाजलेले, घट्ट झालेले आणि टिचकी मारल्यास खणखणणारे भांडे पाण्याला किंवा वाढण्याला उत्तम. पण चुलीवर तेच आधी फुटते. चुनखडीचा चुरा घातलेले भांडे तर अधिक भाजताच येत नाही. कारण तापमान सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसच्या पलीकडे गेले की चुनखडीचे विघटन होते, आणि मागे राहिलेला चुना नंतर हवेतील ओलावा शोषून फुगतो व भांड्याचे पापुद्रे सुटतात.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. भरड, जाडेभरडे व कमी भाजलेले भांडे हे अकुशल कारागिराचे काम आहे, असे समजण्याची सवय चुकीची होय. एकाच घरात बारीक मातीचे, चाकावरचे, सुबक वाडगे आणि हाताने घडविलेले ओबडधोबड मडके ही दोन्ही सापडतात, तेव्हा ती प्रगत व मागास अशा दोन समाजांची खूण नसून दोन वेगळ्या कामांची खूण असू शकते.

भांडे चुलीवर चढले होते की नाही, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. जाळापासून थोड्या उंचीवर ठेवलेल्या भांड्याच्या बुडाला व पोटाला काजळी धरते. निखाऱ्यांतच बसविलेल्या भांड्याचे बूड मात्र काजळी जळून गेल्याने पुन्हा उजळते, आणि काळा पट्टा त्याच्या वर, पोटाभोवती दिसतो. आतील बाजूस करपलेल्या अन्नाचा थर असेल तर तो शिजविण्याचा पुरावा. पांढरट क्षारांचा थर असेल तर पाणी तापविण्याचा. शिवाय मातीच्या सूक्ष्म रंध्रांत तेल, चरबी वा मेण मुरून हजारो वर्षे टिकते व त्याचे रासायनिक पृथक्करण करता येते. म्हणून उत्खननातील भरड खापरे घासून धुणे म्हणजे पुष्कळदा पुरावाच धुऊन टाकणे होय.

३

मेसोपोटेमियाचे उदाहरण अशासाठी उपयुक्त आहे, की तेथे भांडे आणि त्याचे नाव ही दोन्ही एकाच संस्कृतीतून हाती येतात. तेथील लेखनिकांनी इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीपासून शब्दांच्या याद्या तयार केल्या, आणि त्यांत भांड्यांची स्वतंत्र यादी आहे. सुमेरी लेखनात मातीच्या भांड्याच्या नावापूर्वी ‘दुग्’ हे वर्गदर्शक चिन्ह लावण्याची पद्धत होती. पुढे सुमेरी-अक्कादी अशा द्वैभाषिक कोशात तर दहावी मृत्तिकाफलक-मालिका भांड्यांसाठीच राखून ठेवलेली दिसते. येल विद्यापीठाच्या बाबिलोनी संग्रहात इ. स. पू. १७३० च्या सुमाराच्या तीन पाकविषयक फलकांचा समावेश आहे. झां बोतेरो या फ्रेंच अभ्यासकाने त्यांचे वाचन करून १९९५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील एका फलकावर २५ पाककृती असून त्या बहुतेक रस्सेदार पदार्थांच्या आहेत. पदार्थांच्या नावांत येणारा ‘मे’ हा शब्द मुळात ‘पाणी’ या अर्थाचा आहे, म्हणजे पदार्थाचे नावच शिजविण्याच्या रीतीवरून पडले आहे. या कृतींत ‘दिकारु’ हे भांडे आणि ‘रुक्कु’ ही धातूची कढई असा भेद केलेला आढळतो. कोणते अन्न कशात शिजवायचे याची जाण त्या काळी शब्दांतही उतरली होती, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु लेख उपलब्ध असले म्हणजे वस्तूचा उलगडा आपोआप होतो, असे मात्र नाही. उरुक काळातील, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पू. चौथ्या सहस्रकातील, तिरप्या काठाचे वाडगे हे याचे उत्तम उदाहरण होय. भुसा मिसळलेल्या भरड मातीचे, घाईने बनविलेले हे वाडगे शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी सापडतात. आद्य कीलाकार लेखनात अन्न वा भाकरी दर्शविणारे चिन्ह अशाच वाडग्यासारखे दिसते, आणि ‘खाणे’ या अर्थाचे चिन्ह माणसाच्या मस्तकाशेजारी तो वाडगा काढून बनले आहे. या साम्यावरून काही विद्वानांनी हे वाडगे मजुरांना धान्याचा शिधा मोजून देण्याचे माप ठरविले. दुसऱ्यांनी ते पाव भाजण्याचे साचे ठरविले. इराकच्या कुर्दिस्तान भागातील शाखी कोरा या स्थळाच्या वाडग्यांतील मुरलेल्या स्निग्धांशाचे पृथक्करण २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मांसाच्या रस्सेदार पदार्थांकडे बोट दाखविणारे अंश आढळले. म्हणजे चिन्हाने जे सुचविले त्याला सर्व ठिकाणी वस्तूची साथ मिळाली नाही. एकाच आकाराच्या भांड्याचा उपयोग निरनिराळ्या गावी निरनिराळा असू शकतो. लेखनातील चिन्ह मात्र एकच एक राहते.

उलट दिशेचे उदाहरण ‘तंदूर’ या शब्दाचे. अक्कादी भाषेतील ‘तिनूरु’, हिब्रू व अरबी भाषांतील ‘तन्नूर’, फारसी ‘तनूर’ आणि त्यातून हिंदुस्थानी भाषांत आलेला ‘तंदूर’ ही साखळी जवळजवळ चार हजार वर्षांची आहे. येथे शब्दासोबत वस्तूही बऱ्याच अंशी तीच राहिली : आतील भिंतीला भाकरी चिकटवून भाजण्याची मातीची भट्टी. परंतु अशी निष्ठा हा अपवाद होय. पुढील उदाहरणांवरून दिसेल की शब्द आणि वस्तू यांची फारकत हाच सर्वसाधारण नियम आहे.

आणखी एका गोष्टीचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. सुमेरी भाषेत कुंभाराला ‘पहर’ म्हणत. बेन्नो लांड्सबेर्गर यांनी १९४० च्या दशकात असे प्रतिपादन केले की हा व यांसारखे कारागिरीचे अन्य शब्द सुमेरी लोकांच्या पूर्वी तेथे राहणाऱ्या एका अज्ञात भाषिक समाजाकडून आलेले असावेत. हे मत दीर्घकाळ मान्य झाले. १९९९ साली गोन्सालो रुबिओ यांनी त्याची कठोर तपासणी करून अशा एकसंध अधःस्तराचा पुरावा अपुरा असल्याचे दाखविले. कारागिरांचे शब्द ‘परके’ वाटले की त्यामागे एक लुप्त समाज उभा करण्याचा मोह भारतीय भाषांच्या अभ्यासातही वारंवार दिसतो. त्या दृष्टीने हा इशारा मोलाचा आहे.

४

वैदिक वाङ्मयात रांधण्याच्या भांड्यासाठी ‘उखा’ आणि ‘स्थाली’ हे दोन शब्द प्रमुख आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अश्वमेधाच्या सूक्तात मांस शिजविण्याच्या उखेचा उल्लेख येतो. उखेत संस्कारिलेल्या अन्नाला ‘उख्य’ म्हणावे असे पाणिनीने सूत्रात सांगितले आहे. अमरकोशाच्या काळापर्यंत मात्र पिठर, स्थाली, उखा आणि कुंड हे शब्द समानार्थी म्हणून एकत्र आले, म्हणजे त्यांच्यामधील पूर्वीचा भेद पुसट झाला.

शतपथ ब्राह्मणाच्या सहाव्या कांडात अग्निचयनासाठी उखा घडविण्याचा विधी सविस्तर आला आहे. मातीत पळसाच्या काढ्याचे पाणी घालावे, अजलोम म्हणजे बकरीचे केस मिसळावेत, तसेच खडी, दगड व लोहकीट यांचा चुरा घालावा असे तेथे सांगितले आहे. तैत्तिरीय संहितेत तर ओस पडलेल्या वसाहतीतील खापरे कुटून मातीत मिसळण्याचा निर्देश आहे. विधीची मांत्रिक उपपत्ती बाजूस ठेवली तर ही कुंभारकामाची चोख माहिती आहे. केस जळून सूक्ष्म पोकळ्या राहतात. खडी व खापरांचा कूट चिरेला अडवितो. अर्थात ही उखा विधीत अग्नी धारण करण्यासाठी होती, अन्न शिजविण्यासाठी नव्हे. तथापि ज्या भांड्याला सतत विस्तवाशी राहायचे, त्याच्या मातीची तयारी घरगुती भांड्याहून तत्त्वतः वेगळी असण्याचे कारण नाही. विल्हेल्म राऊ यांनी १९७२ साली वैदिक काळातील कुंभारकामावर लिहिलेल्या जर्मन प्रबंधात या उल्लेखांचे पद्धतशीर संकलन केले आहे.

मैत्रायणी संहितेतील एका वचनाची चर्चा विशेष झाली आहे. अग्निहोत्राची स्थाली आर्याने हाताने घडविलेली असावी. कुलालाने चाकावर फिरविलेले पात्र आसुर होय, असा त्याचा आशय आहे. या वचनावरून चाक हे अनार्यांचे व हाताची घडण आर्यांची, असे वांशिक समीकरण मांडण्यात आले. दुसऱ्या परिच्छेदातील तांत्रिक विवेचन ध्यानात घेतले तर या वचनाकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. हाताने घडविलेले भांडे विस्तवासाठी आणि चाकावरचे भांडे अन्य उपयोगांसाठी, ही विभागणी अनेक समाजांत आढळते. विधीने जुनी व विस्तवाला योग्य अशी घडण पवित्र म्हणून जपली असेल, आणि बाजारातील चाकावरच्या मालाला दूर ठेवण्यासाठी ‘आसुर’ हे विशेषण वापरले असेल. वचनाचा हा एक संभाव्य अर्थ आहे. वांशिक अर्थ त्याने सर्वस्वी खोडला जात नाही. परंतु केवळ त्या एका वचनाच्या बळावर उत्खननातील प्रत्येक हातघडणीच्या खापराला वंशाचे नाव देणे समर्थनीय नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

५

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी जी घोड तिच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन महाविद्यालयातर्फे तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा संस्कृती, इ. स. पू. १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. आणि उत्तर जोर्वे, १००० ते ७००. जोर्वे हे नाव अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ज्या गावावरून आले तेथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले होते. त्यानंतर नेवासे, चांडोली, दायमाबाद अशा स्थळांतून या संस्कृतीचे चित्र क्रमाने स्पष्ट होत गेले.

जोर्वे मृत्पात्रांची ख्याती आहे ती चाकावर घडविलेल्या, चांगल्या गाळलेल्या मातीच्या, तांबूस वा नारिंगी अंगाच्या व त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेल्या भांड्यांमुळे. कंगोरेदार वाडगे आणि लांब टोटीचे तांबे हे त्यांतील लक्षणीय आकार. ही भांडी उत्तम भाजलेली असून वाजविल्यास खणखणतात. यांच्याच जोडीला, त्याच घरांत, करड्या रंगाची घोटीव भांडी आणि हाताने घडविलेली लाल वा करडी भरड भांडीही मिळतात. प्रसिद्धी मिळाली ती पहिल्या गटाला. स्वयंपाक आणि साठवण यांचा भार वाहिला तो दुसऱ्या गटाने. करडा रंगही आकस्मिक नव्हे : भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतील लोह लाल होते, हवा कोंडली तर ते करडे-काळे होते. कारागिराने दोन प्रकारची माती आणि दोन प्रकारची भाजणी एकाच गावात जाणीवपूर्वक चालविली, असा याचा अर्थ होतो. इनामगावला भट्टीचे व कुंभाराच्या घराचे अवशेष मिळाले असल्यामुळे हे काम गावातच चालत होते याविषयी शंका राहत नाही.

त्या भांड्यांत काय शिजत होते? जळलेल्या धान्यावरून जव हे तेथील प्रमुख पीक होते. त्याखेरीज गहू, मसूर, कुळीथ इत्यादींचे दाणे मिळाले आहेत. गुरे, शेळ्यामेंढ्या व हरणे यांची हाडे, त्यांवरील कापल्याच्या खुणांसह, मांसाहाराची साक्ष देतात. घरांतून चुली आणि आगट्या सापडल्या आहेत. येथपर्यंत वस्तूचा पुरावा स्वतःच्या पायांवर उभा आहे. पुढचे पाऊल मात्र जपून टाकावे लागते. उदाहरणार्थ, एखाद्या स्थळी तव्यासारखे सपाट भांडे न मिळाल्यास तेथील लोक भाकरी खात नसत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु रोडगा किंवा पानगा यांना तवा लागत नाही. निखारा व पान एवढ्यावर काम भागते. भांड्याचा अभाव हा पदार्थाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

इनामगाव, नेवासे आदी स्थळी लहान मुलांचे दफन घरातील जमिनीखाली करण्याची प्रथा होती. भरड करड्या मातीचे दोन मोठे कुंभ एकमेकांना तोंडे लावून आडवे ठेवीत व त्यांत मृत बालकाचे अवशेष ठेवीत. हे कुंभ आणि घरातील स्वयंपाक-साठवणीची भांडी एकाच जातीच्या मातीची आहेत. ते खास दफनासाठी घडविले की घरातलेच भांडे मुलासाठी दिले, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पहिल्या प्रकारात मृत्यूसाठी कुंभाराकडे मागणी नोंदविली जाते; दुसऱ्यात आई ज्या भांड्यात रोज धान्य ठेवीत वा शिजवीत होती तेच तिने मुलासोबत जमिनीत दिले, असा अर्थ होतो. हा निर्णय कोणत्याही तर्काने होणार नाही. तो प्रत्येक कुंभाच्या बुडाची काजळी आणि आतली झीज पाहूनच करावा लागेल. भरड खापर काळजीपूर्वक हाताळण्याचे महत्त्व यापेक्षा अधिक स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही.

इनामगावच्या लोकांची भाषा कोणती होती हे कळण्यास मार्ग नाही. म्हणून ‘टोटीचा तांबा’, ‘कुंभ’, ‘वाडगा’ ही नावे अभ्यासकांनी दिलेली आहेत, त्या लोकांची नव्हेत, याचे भान सतत ठेवणे आवश्यक आहे. ‘तांबा’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पाणी येते, ‘कुंभ’ म्हटले की पूजा येते. नाव देताक्षणी उपयोगही नकळत ठरविला जातो.

६

इनामगावहून पश्चिमेस, सह्याद्रीच्या घाटमाथ्याशी लगटून, मुळशी तालुका पसरला आहे. मुळशीकडून येणारे मुळेचे पाणी मुठेला मिळून पुढे भीमेत जाते, आणि घोडही त्याच भीमेला मिळते. खोरे एक, पण अन्न वेगळे. इनामगाव कोरड्या पट्ट्यात, तर ताम्हिणीच्या बाजूला पाऊस अतोनात. इकडे मुख्य अन्न भात व नाचणी. आंबेमोहर तांदळासाठी हा भाग प्रसिद्ध आहे. भात शिजविण्याची रीत भांड्याचा आकार ठरविते. चुलीवर आधण ठेवायचे, त्यात तांदूळ वैरायचे, शिजत आल्यावर वेळणी लावून जादा पाणी, म्हणजे पेज, ओतून काढायची. याला काठ बाहेर वळलेले, आवळ गळ्याचे, गोल बुडाचे भांडे लागते. भाकरीला तवा वा खापर पुरते. ‘वैरणे’ हे क्रियापद जात्याच्या तोंडात घास घालण्यालाही लागते आणि आधणात धान्य सोडण्यालाही. एक मूठ, दोन क्रिया आणि एकच शब्द, असा हा प्रकार आहे.

मराठीत मातीच्या भांड्यांची नावे आकार, माप व उपयोग या तिन्ही अंगांनी बारकाईने वेगळी केलेली आहेत. पाणी साठविण्याचा रांजण, वाहून आणण्याची घागर, मोठा डेरा, शिजविण्याचे मडके व तवली, लहान गाडगे व बोळके, पसरट परळ, संक्रांतीचे सुगड. मोल्सवर्थच्या कोशात, तसेच १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात यांतील बहुतेक शब्द आले आहेत. त्यांच्या व्युत्पत्तीचे चित्र संमिश्र आहे. भाण्डपासून भांडे, कटाहपासून कढई, गर्गरीपासून घागर, कुम्भकारपासून कुंभार, आपाकपासून कुंभाराचा आवा ही परंपरा संस्कृत-प्राकृतातून सरळ उतरते. ‘मडके’ व ‘गाडगे’ यांना मात्र कन्नडमध्ये ‘मडके’, ‘गडिगे’ अशी निकटची रूपे आहेत. ‘चूल’ हा शब्द संस्कृतात ‘चुल्ली’ म्हणून असला तरी त्याचे मूळ द्राविडी असावे असे अनेकांचे मत आहे. यावरून चुलीजवळचे शब्द एका ‘मूळच्या’ समाजाचे आणि बाकीचे ‘आलेल्यांचे’, असा निवाडा करणे म्हणजे लांड्सबेर्गर यांची वाट पुन्हा चालणे होय. शेजारच्या दोन भाषांत एक शब्द सापडला तर तो बाजारातून, लग्नसंबंधातून किंवा कुंभाराच्या फिरतीतूनही आलेला असू शकतो. उधारीची दिशा केवळ रूपसाम्याने ठरत नाही.

शब्द आणि वस्तू यांची फारकत तर या शब्दसमूहात पदोपदी दिसते. संस्कृतातील ‘स्थाली’ म्हणजे शिजविण्याचे भांडे; शितावरून भाताची परीक्षा ज्याला मराठीत म्हणतात तो संस्कृतातला ‘स्थालीपुलाकन्याय’ त्याच भांड्यावरून आला. मराठीतील ‘थाळी’ मात्र वाढण्याचे, सपाट ताट झाली. चुलीवरचा शब्द पानात उतरला. एखाद्याने आजच्या थाळीवरून वैदिक स्थालीचा आकार कल्पिला तर तो पूर्णतः चुकेल. ‘कपाल’ याचा अर्थ खापर आणि डोक्याची कवटी असा दुहेरी; यज्ञातील पुरोडाश आठ किंवा अकरा कपालांवर भाजीत. मराठीत खापराचा अर्थ गळून ‘कपाळ’ फक्त माणसाच्या मस्तकावर राहिले. लॅटिनमधील ‘तेस्ता’ म्हणजे मडके वा खापर, आणि त्यापासून फ्रेंच भाषेत ‘तेत’ म्हणजे डोके. इतक्या दूरच्या दोन भाषांत अर्थाचा प्रवास एकाच वाटेने झाला. मराठीत भाजण्याच्या खापराचे काम मात्र ‘खापर’ या शब्दानेच पुढे चालविले : खानदेशात मांडे आजही उलट्या मातीच्या खापरावर भाजतात. दोष माथी मारला की ‘खापर फुटते’, आणि दूरच्या पूर्वजाला ‘खापरपणजोबा’ म्हणतात.

घरातील भांडी रचण्याच्या ‘उतरंडी’ने समाजातील श्रेणींना नाव दिले, कुटुंब विभक्त झाले की ‘चूल वेगळी’ झाली असे म्हणतात. ही रूपके ज्या वस्तूंवर उभी आहेत त्या वस्तू मात्र घरांतून निघून गेल्या. प्रथम तांब्या-पितळेची कल्हईची भांडी, मग ‘जर्मनची’ म्हणून ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची, त्यानंतर स्टील. आणि चुलीच्या जागी स्वयंपाकाचा गॅस. गॅसच्या शेगडीला सपाट बूड लागते. गोल बुडाला तेथे आसरा नाही. हंडी व कढई ही नावे धातूच्या भांड्यांवर जाऊन बसली. तवली, परळ, वेळणी ही नावे मात्र बसायला जागा न मिळाल्याने वृद्धांच्या बोलण्यातच उरली.

मुळशीत या सार्वत्रिक बदलाला आणखी एका घटनेची जोड आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळेवर धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा १९२१ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. लढा काही वर्षे चालला. अखेर धरण झाले आणि मुळेच्या खोऱ्यातील सुमारे ५० गावांची जमीन व घरे कमीअधिक प्रमाणात पाण्याखाली गेली. या घटनेचा राजकीय व आर्थिक विचार पुष्कळ झाला आहे. भाषाभ्यासाच्या दृष्टीने तिची एक बाजू उपेक्षित राहिली. गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार. त्याची माती ठरलेली, गिऱ्हाईक ठरलेले, भांड्यांची नावे व मापे दोघांनाही ठाऊक. गाव उठले की हा संबंध तुटतो. उठलेली माणसे जेथे गेली तेथे कुंभार दुसरा, माती दुसरी, नावेही काही प्रमाणात दुसरी. शब्द माणसांबरोबर जातो. पण ज्या मडक्याकडे बोट दाखवून तो शिकविला जातो ते मडके मागे राहते. एक-दोन पिढ्यांत शब्दाचा नेमका अर्थ विरतो आणि ‘काहीतरी मातीचे भांडे’ एवढाच अर्थ शेष राहतो. कोशांतही पुष्कळ ठिकाणी ‘एक प्रकारचे मातीचे भांडे’ एवढीच व्याख्या आढळते, तिचे कारण याच प्रक्रियेत शोधले पाहिजे.

७

वरील विवेचनाचा सारांश असा. मेसोपोटेमियाच्या वाडग्यांवरून दिसते की लेख उपलब्ध असतानाही भांड्याचा उपयोग वस्तूकडूनच वदवून घ्यावा लागतो. वैदिक उल्लेखांवरून दिसते की शब्दांत कारागिरीचे अचूक ज्ञान दडलेले असते, पण ते वाचण्यासाठी मातीचे गुणधर्म समजावे लागतात. अन्यथा तांत्रिक भेद वांशिक भेद म्हणून वाचला जातो. इनामगाववरून दिसते की शब्द नसताना वस्तू पुष्कळ सांगते, पण आपण दिलेली नावे तिच्या तोंडी घालता कामा नयेत. मुळशीवरून दिसते की वस्तू गेली की शब्द लगेच मरत नाही. तो आधी अस्पष्ट होतो, आणि अस्पष्ट झालेला शब्द पुराव्यास निरुपयोगी ठरतो.

यातून एक व्यावहारिक कार्य निष्पन्न होते. मावळपट्ट्यातील मातीच्या भांड्यांची शब्दसूची केवळ नावांची न करता वस्तूंसह करावयास हवी. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे मूळ गाव, विस्थापित कुटुंब असल्यास आजचे गाव, भांड्याची आकृती व माप, बुडाचा घाट, काठाचे वळण, काजळीची जागा, त्यात शिजणारा पदार्थ आणि तो शिजविण्यासाठी वापरले जाणारे क्रियापद नोंदवावे. नवे मडके प्रथम वापरण्यापूर्वी त्यात कण्यांची पेज शिजवून त्याची रंध्रे बुजविण्यासारख्या रीतींची नोंदही तितकीच आवश्यक आहे. कारण उत्खननातील भांड्यात जो पिष्टमय अंश आढळतो तो अन्नाचा की अशा तयारीचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत एकट्याने सुटत नाही. ही माहिती प्रामुख्याने स्त्रियांपाशी आहे : रांधणाऱ्या स्त्रियांपाशी, आणि माती मळण्यापासून आवा लावण्यापर्यंत ज्यांचा हात असतो त्या कुंभारघरच्या स्त्रियांपाशी. आजवरच्या संकलनात त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

ज्यांनी मातीच्या भांड्यात स्वतः भात शिजविला अशी पिढी आता वार्धक्यात आहे. इनामगावचे खापर आणखी शंभर वर्षे पिशवीत थांबू शकेल. तवली आणि परळ यांतला फरक हाताने दाखवू शकणारी वृद्धा मात्र तितकी थांबू शकणार नाही; म्हणून या कामाचा क्रम आधी घ्यावयास हवा.